सोडियम इलेक्ट्रॉन का सोडतं? धातू, अधातू आणि आयनांचा जमाखर्च

चंचुपात्र (धागालेखिका)

दहावीला मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. धातू-अधातूंचा पाठ आला की फळ्यावर दोन वर्तुळं काढायची. एकात २, ८, १ आणि दुसऱ्यात २, ८, ७, म्हणजे आतून बाहेर प्रत्येक कवचात किती इलेक्ट्रॉन ते. मग ठरलेली वाक्यं: "सोडियमला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो. क्लोरीनला एक कमी पडत असतो. याने दिला, त्याने घेतला, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण." मुलं लिहून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं उतरवतात, गुण मिळतात.

परवा वर्गात सोडियम दाखवत होते. केरोसीनच्या बाटलीतून चिमट्याने तुकडा काढला, टिपकागदावर टिपला आणि सुरीने कापला. धातू असून मेणासारखा कापला जातो. नवा काप चांदीसारखा लखलखीत दिसतो, पण मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन बघेपर्यंत तो मळायलाही लागतो. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, याला तो इलेक्ट्रॉन नकोच असतो ना? मग बाटलीत बसल्या बसल्या टाकून का देत नाही?"

मी म्हटलं, "घ्यायला कुणीतरी हवं ना."

ती म्हणाली, "म्हणजे घेणारा नसला की त्याला तो हवासा होतो का?"

तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. घरी येऊन आकडे मांडून बसले, आणि इतकी वर्षं मी जे सांगत होते त्यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे हे लख्ख दिसलं. सोडियमच्या सुट्या अणूतून तो बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप) ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा सुटत नाही, घालावी लागते. केंद्रकाने तो धरून ठेवलेला असतो, सैल का होईना. कोणत्याही धातूच्या सुट्या अणूमधला इलेक्ट्रॉन फुकट निघत नाही.

मग मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, पूर्ण हिशेब मांडला. सगळे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये आहेत. घन सोडियमचे अणू सुटे करायला १०७. त्यांचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा असतो, तो फोडून एक मोल अणू मिळवायला १२१. खर्च झाला ७२४. आता क्लोरीनच्या अणूने इलेक्ट्रॉन घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे "याने दिला, त्याने घेतला" एवढ्यावर गोष्ट थांबवली, तर व्यवहार ३७५ने तोट्यातच आहे! अष्टकं दोघांची पूर्ण झाली तरीसुद्धा.

तोंडमिळवणी होते ती शेवटच्या पायरीला. इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने प्रभार आलेले अणू, म्हणजे हे धन आणि ऋण आयन, एकमेकांना खेचून स्फटिकात रचले जातात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. ही रचना बसताना सुमारे ७८७ सुटतात. त्यातून ३७५ची तूट भरून वर ४१२ उरतात. एक मोल मीठ बनताना प्रत्यक्ष मोजलेली उष्णता ४११ आहे. सोडियम क्लोरीनमध्ये जळताना जी पिवळी ज्योत दिसते, तिच्यामागची ऊर्जा शेवटी या रचनेतून आलेली असते.

म्हणजे त्या मुलीला खरं उत्तर असं होतं: इलेक्ट्रॉन सोडायचा खर्च सोडियमच्या खिशातून होत नाही. कुणीतरी तो भरावा लागतो. स्फटिक भरतो, किंवा पाणी भरतं. केरोसीन भरू शकत नाही. आयनाला धरून ठेवण्याइतकी ओढ त्याच्या रेणूंमध्ये नाही, म्हणून सोडियम बाटलीत गप्प बसून राहतं.

यावर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे. वर्गात हे कसं सांगावं, आणि माझ्या हिशेबात कुठे गफलत आहे का?

निशिगंध

अप्रतिम लिहिलंय. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशेबाची भाषा लगेच पोहोचली. एक शंका. स्फटिक बनताना एवढं सुटत असेल तर सोडियमने दोन इलेक्ट्रॉन का देऊ नयेत? प्रभार वाढला तर ओढही वाढेल ना?

चंचुपात्र

निशिगंध, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. ओढ वाढेलच, पण दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च बघा. पहिला ४९६ला निघाला, दुसऱ्याला ४५६२ लागतात. पहिला तिसऱ्या कवचात एकटा होता, आणि आतल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचत होती. दुसरा आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा. एवढा खर्च भरून काढेल असा स्फटिक नाही.

मॅग्नेशिअमचं बघा: पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा एकदम ७७३३. दुसऱ्यापर्यंतचा खर्च परवडतो, कारण मॅग्नेशिअम ऑक्साइडचा स्फटिक जवळपास ३८०० परत देतो. तिसऱ्याला भिंत लागते. ॲल्युमिनिअमची भिंत तिसऱ्यानंतर: ५७८, १८१७, २७४५ आणि मग ११५७७.

हे आकडे एकाखाली एक लिहिले की अष्टकाचा खरा अर्थ समोर येतो. अष्टकाची कुणाला आस लागलेली नसते. खर्चाची भिंत नेमकी तिथे उभी असते, म्हणून अणू तिथे थांबतो.

खडूफळा

मीही शिक्षक आहे, तीस वर्षं झाली. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्षाशी सहमत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आयनीभवन ऊर्जा, स्फटिक ऊर्जा हे सगळं एकदम सांगितलं तर हाती काहीच लागत नाही. अष्टकाचा नियम घेऊन तोच मुलगा कॅल्शिअम क्लोराइडचं, ॲल्युमिनिअम ऑक्साइडचं सूत्र चुटकीसरशी लिहितो. १९१६मध्ये कोसेल आणि लुईस यांनी ही कल्पना मांडली तेव्हा तीही अशीच कामाला आली होती. "नकोसा" हा शब्द मुलांना लक्षात राहतो. पुढे अकरावीत खरं कारण कळतंच.

चंचुपात्र

सर, सूत्र लिहायला अष्टक हवंच, ते मी काढणार नाही. माझी तक्रार फक्त "नकोसा" आणि "हवासा" या शब्दांवर आहे. ते कारण म्हणून सांगितले जातात आणि कारण म्हणूनच डोक्यात बसतात. अकरावीत खरं कळेल म्हणता, पण माझ्याकडे अकरावीची मुलं शंका घेऊन येतात. त्यांच्यासमोर "४९६ लागतात" हे येतं तेव्हा ती आकड्याचं चिन्ह उलटं वाचतात, कारण मनात पक्कं असतं की इलेक्ट्रॉन गेला की सोडियम सुटकेचा श्वास टाकतं.

त्याऐवजी एवढंच म्हणावं असं वाटतं: "सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन स्वस्तात निघतो, क्लोरीनचा फार महाग." क्लोरीनला पहिल्याच इलेक्ट्रॉनसाठी १२५१ लागतात. म्हणून देणारा सोडियम आणि घेणारा क्लोरीन. धातू आणि अधातू यांतला फरक दहावीपुरता एवढ्यात येतो, आणि पुढे यातलं काही पुसावं लागत नाही.

खडूफळा

"स्वस्तात निघतो" हे मला पटलं. लांबी तेवढीच आणि खोटं नाही. पुढच्या तुकडीला असंच सांगून बघतो.

मोरचूद

मी प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. सिद्धांत तुम्ही मंडळी सांगा, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात तांब्याची घासून स्वच्छ केलेली तार सोडायची आणि हलवायचं नाही. मिनिटाभरात तारेवर करडी लव येते. दहा मिनिटांनी ती लव फांद्या फुटल्यासारखी वाढलेली असते, आणि भिंगातून बघितलं तर चांदीच्या सुया चमकताना दिसतात. तासाभराने द्रावणाला फिकट निळी झाक येते. ती निळाई तारेतूनच आलेली असते: तांब्याचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरलेत आणि तेच इलेक्ट्रॉन घेऊन चांदीचे आयन पुन्हा धातू झालेत. एका तांब्यामागे दोन चांदी. ही लव एवढी नाजूक असते की टेबलाला धक्का लागला तरी अर्धी झाडं खाली बसतात. मुलांना मी हे नेहमी शेवटच्या तासाला दाखवतो, नाहीतर बाकी प्रयोगांकडे त्यांचं लक्षच राहत नाही.

आता माझी शंका. अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर लिहिलेल्या यादीत, जस्त तांब्याच्या वर आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात जस्ताची पट्टी टाकली की तांबं बाहेर पडतं, हे रोजचं. पण तक्त्यात बघितलं तर इलेक्ट्रॉन काढायला जस्ताला ९०६ लागतात आणि तांब्याला ७४५. म्हणजे तांब्याचा स्वस्त आहे की! मग श्रेणी उलटी का?

शून्यकेल्विन

मोरचूद, हा प्रश्न अनेक पदवीधरांनाही अडवतो. दोन गोष्टी. एक, दोघांचेही दोन-दोन इलेक्ट्रॉन जातात, म्हणून बेरीज बघायची. जस्त ९०६ आणि १७३३, मिळून २६३९. तांबं ७४५ आणि १९५८, मिळून २७०३. इथेच फरक उलटला, पण थोडाच.

खरा फरक त्याच्याही आधीच्या पायरीवर आहे. धातूच्या पट्टीतून अणू सुटा करायचा खर्च जस्तासाठी सुमारे १३० आणि तांब्यासाठी ३३८ आहे. तांब्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात, ते याच घट्टपणामुळे. तांब्याच्या आयनाला पाण्याने वेढल्यावर जस्तापेक्षा थोडी जास्त ऊर्जा सुटते, पण एवढी तूट तिने भरून निघत नाही. म्हणून जस्त आयन होऊन द्रावणात जातं आणि तांबं धातू म्हणून मागे राहतं. १८३६मध्ये डॅनिअलने याच जोडीतून विद्युतघट केला, त्याचा दाब साधारण १.१ व्होल्ट येतो.

म्हणजे श्रेणीतलं स्थान हा एकट्या अणूचा स्वभाव नाही. पट्टीतून सुटणं, इलेक्ट्रॉन जाणं आणि पाण्याने वेढलं जाणं, या तिन्हींची ती बेरीज आहे.

याच हिशेबाने लिथिअमचं कोडं सुटतं. इलेक्ट्रॉन काढायला लिथिअमला ५२० लागतात आणि पोटॅशिअमला ४१९, तरी विद्युत विभवाच्या तक्त्यात (धातू पाण्यात आयन व्हायला किती तयार ते व्होल्टमध्ये सांगणारा; जितकं जास्त उणे तितका तयार) लिथिअम सगळ्यांच्या वर, उणे ३.०४ व्होल्टवर. पोटॅशिअम उणे २.९३, सोडियम उणे २.७१. लिथिअमचा आयन इवलासा, म्हणून पाण्याचे रेणू त्याला अगदी खेटून बसतात आणि सुमारे ५२० सुटतात. पोटॅशिअमचा आयन मोठा, तिथे जेमतेम ३२२. तिन्ही पायऱ्या जमेस धरल्या की लिथिअम सर्वांत स्वस्त पडतं.

रानवाट

पण पाण्यात टाकलं की पोटॅशिअम पेटतं आणि लिथिअम नुसतं बुडबुडे काढत फिरतं. मग वरचा कोण?

शून्यकेल्विन

रानवाट, किती ऊर्जा सुटते आणि किती वेगाने सुटते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिथिअम १८० अंशांना वितळतं, पोटॅशिअम ६३ अंशांनाच. पोटॅशिअम पाण्यावर लगेच वितळून गोळी होतं, नवा पृष्ठभाग उघडा पडत राहतो आणि अभिक्रिया भडकते. लिथिअम घनच राहतं, त्यामुळे सावकाश चालतं.

आणि स्फोटाबद्दल एक सांगण्यासारखं आहे. हायड्रोजन पेट घेतो म्हणून स्फोट होतो, असं आपण सगळे शिकलो. २०१५मध्ये पावेल युंगविर्ट आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशिअमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यात पाडून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. पाण्याला टेकल्यावर मिलिसेकंदाच्या आतच थेंबातून धातूचे काटे चहूबाजूंनी फुटून बाहेर येतात. झटक्यात इतके इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात की थेंबाचा पृष्ठभाग धन प्रभाराने भरतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि थेंब चिंध्या होऊन फुटतो. त्यामुळे नव्या पाण्याला नवा धातू भिडतो आणि मग पुढचा भडका. निव्वळ प्रभारांच्या ढकलाढकलीने फुटलेला धातू त्या चित्रणात चौकटी-चौकटीने दिसतो. मी ते कितीदा पाहिलं असेल, दरवेळी अंगावर काटा येतो.

निशिगंध

ॲल्युमिनिअमबद्दल कुणी बोलेल का? ते श्रेणीत जस्त-लोखंडाच्या वर आहे म्हणतात. मग लोखंड गंजतं आणि ॲल्युमिनिअम वर्षानुवर्षं तसंच कसं राहतं?

मोरचूद

हे माझ्याकडे आहे. ॲल्युमिनिअम हवेत येताक्षणी त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो धातूला घट्ट चिकटून राहतो आणि पुढचा ऑक्सिजन आत जाऊ देत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, खपली पडते आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं.

हे पटवायला सोपा प्रयोग आहे. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनिअमची पट्टी सोडा. श्रेणीप्रमाणे तांबं भराभर बाहेर पडायला हवं, पण पट्टी बराच वेळ ढिम्म. आता त्यातच थोडं मीठ टाकून ढवळा. क्लोराइड आयन पापुद्र्याला जिथे जिथे भगदाडं पाडतात तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात, मग बुडबुडे, मग नळी हाताला गरम लागते, आणि निळा रंग उतरत जातो. ॲल्युमिनिअम मुळात किती तापट आहे ते तेव्हा कळतं.

पारा चोळूनही पापुद्रा मोडतो. मग धातूतून पांढरे ऑक्साइडचे केस उगवल्यासारखे दिसतात. पण पाऱ्याची वाफ विषारी असते, तो उद्योग कुणी करू नये.

अबोली_७

धागा वाचून उजळणी होतेय, धन्यवाद. माझ्या आठवणीप्रमाणे मीठ वितळवलं की त्यातून इलेक्ट्रॉन वाहतात म्हणून वीज जाते. बरोबर ना?

चंचुपात्र

थोडी दुरुस्ती, अबोली. वितळलेल्या मिठातून आयन सरकतात, सुटे इलेक्ट्रॉन नव्हे. घन मिठातही आयन असतातच, पण जागच्या जागी जखडलेले. ८०१ अंशांना स्फटिक वितळला की ते मोकळे होतात: सोडियम ऋण अग्राकडे, क्लोराइड धन अग्राकडे. तांब्याच्या तारेतून मात्र इलेक्ट्रॉनच वाहतात.

फॅरडेने १८३४मध्ये "आयन" शब्द योजला तो याच चालण्यावरून; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जाणारा. त्या वेळी इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक नव्हता, तो थॉमसनने १८९७मध्ये दाखवला. काय चालतंय हे माहीत नसताना फॅरडेने चालण्याला नाव दिलं, हे मला फार विलक्षण वाटतं. आणि त्याच्याही आधी, १८०७मध्ये, हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पहिल्यांदा सोडियम वेगळं केलं. जो इलेक्ट्रॉन सोडियमने "दिला" तो त्याला परत करायला विजेची ताकद लागली.

शून्यकेल्विन

धागालेखिकेच्या मांडणीत दोन गोष्टींची भर घालतो. पहिली दुरुस्ती आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो.

तुम्ही सगळा हिशेब उष्णतेत मांडला. मीठ बनण्यासाठी तो चालतो, पण मीठ विरघळतं तेव्हा चालत नाही. मिठाचा स्फटिक मोडायला ७८७ लागतात आणि पाणी आयनांना वेढून ७८३च्या आसपास परत करतं. म्हणजे तीन-चार किलोज्यूल तोटाच, आणि खरोखरच मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होतं. तरी ते विरघळतं, कारण शिस्तीत जखडलेले आयन द्रावणात हव्या त्या रीतीने विखुरले जाऊ शकतात. ही एन्ट्रॉपीची, म्हणजे विखुरलेपणाच्या मापाची, बाजू. "खर्च कोण भरतं" या प्रश्नात ती धरली नाही तर हिशेब अर्धाच राहतो.

दुसरी गोष्ट: धातू आणि अधातू भेटले की आयनिकच संयुग होतं, हे समीकरण मुलांच्या मनात बसू देऊ नका. ॲल्युमिनिअम क्लोराइड घ्या. मीठ ८०१ अंशांना वितळतं, मॅग्नेशिअम क्लोराइड ७१४ला, आणि ॲल्युमिनिअम क्लोराइड १८०च्या आसपास चक्क संप्लवन पावतं, म्हणजे न वितळता थेट वाफ होतं. वाफेत त्याचे दोन-दोन एकक जोडलेले रेणू असतात. तीन धन प्रभार इतक्या लहान आयनावर एकवटले की तो क्लोराइडचा इलेक्ट्रॉनमेघ स्वतःकडे ओढून घेतो, आणि देणं-घेणं न राहता भागीदारी होते. फायान्सने १९२३मध्ये याचे नियम मांडले. टायटॅनिअम टेट्राक्लोराइड तर खोलीच्या तापमानाला द्रव असतं, १३६ अंशांना उकळतं. धातूचं क्लोराइड, आणि बाटलीत ओतता येतं!

चंचुपात्र

एन्ट्रॉपीची दुरुस्ती मान्य, आणि मनापासून आभार. वर्गात मी "स्फटिक किंवा पाणी खर्च भरतं" म्हणाले तर विरघळण्याच्या वेळी तो शब्द वापरणार नाही.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे हायड्रोजन क्लोराइड. दोन्ही अधातू, वायूत सहसंयुज (इलेक्ट्रॉनांची भागीदारी असलेले) रेणू. कोरड्या टोल्यूइनमध्ये विरघळवला तर द्रावणातून वीज जवळपास जातच नाही, कोरडा निळा लिटमसही लाल होत नाही. पाण्यात सोडला की लगेच आयन, आणि तेच तीव्र आम्ल. रेणू तोच, बदललं फक्त भोवतालचं द्रावक.

रानवाट

सोन्याचं पण असंच का? नायट्रिक आम्ल चांदी विरघळवतं, सोन्याला हातही लावू शकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लही नाही. दोन्ही मिसळली की विरघळतं.

शून्यकेल्विन

अगदी तसंच. या मिश्रणाला आम्लराज म्हणतात; त्यात तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, दोन्ही संहत. नायट्रिक आम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन काढू बघतं पण एकट्याने ते पुढे सरकत नाही. क्लोराइड आयन मिळाले की चार क्लोराइड मिळून निघालेल्या सोन्याच्या आयनाला वेढतात, त्याला परत धातू होऊ देत नाहीत, आणि व्यवहार पुढे जातो. तुमच्या भाषेत, उरलेली रक्कम क्लोराइडने भरली.

चंचुपात्र

आज ती मुलगी पुन्हा आली होती. तिला मी सगळे आकडे दिले होते. वहीत दोन रकाने करून तिने जमाखर्च मांडला होता, आणि शेवटी एक ओळ लिहिली होती: "सोडियमने इलेक्ट्रॉन दिला तर ४९६ लागतात. घेतला तर किती?"

मला तोंडपाठ नव्हतं, तिच्यासमोरच शोधलं. सोडियमच्या सुट्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला तर ५३ सुटतात. सुटतात! दोघी त्या आकड्याकडे बघत राहिलो. म्हणजे एकट्या अणूच्या आवडीनिवडीवर सोडलं, तर सोडियमला इलेक्ट्रॉन देण्यापेक्षा घेणं सोयीचं आहे. तिने लगेच विचारलं, "मग ऋण सोडियम असतं का?"

शून्यकेल्विन, याचं उत्तर तुम्हीच द्या. मी तिला उद्या सांगणार आहे.

शून्यकेल्विन

असतं. तिला सुरुवात द्रवरूप अमोनियापासून सांगा. उणे ३३ अंशांच्या खाली अमोनिया द्रव असतो. त्यात सोडियमचा तुकडा टाकला की गर्द निळे धागे खाली उतरत जातात. तिथे इलेक्ट्रॉन घेणारा कुणी अधातू नसतो. सोडियमने सोडलेला इलेक्ट्रॉन अमोनियाचे रेणूच आपसांत पोकळी करून धरून ठेवतात, आणि निळा रंग त्या इलेक्ट्रॉनाचा असतो. "घ्यायला कुणीतरी हवं" या तुमच्या पहिल्या उत्तराला हे थेट उत्तर आहे: घेणारा अणू नसला तरी चालतो, धरणारं द्रावक पुरतं.

मग ऋण सोडियम. १९७४मध्ये जेम्स डाय आणि सहकाऱ्यांनी क्रिप्टँड नावाचा पिंजऱ्यासारखा सेंद्रिय रेणू घेतला. सोडियमचा धन आयन त्या पिंजऱ्यात नेमका बसतो आणि आतले ऑक्सिजन व नायट्रोजन त्याला सगळीकडून धरतात. एका सोडियमने इलेक्ट्रॉन दिला आणि पिंजऱ्यात गेलं. तो इलेक्ट्रॉन घेतला दुसऱ्या सोडियमने, आणि ते ऋण आयन झालं. तिच्या वहीतल्या रकान्यांत मांडायचं तर ४९६ खर्च, ५३ जमा, तूट ४४३. ती पिंजरा आणि स्फटिक मिळून भरतात. थंड आणि हवा-पाण्यापासून दूर ठेवलं तर ते स्फटिक टिकतात. सोन्यासारखे चमकदार पिवळे दिसतात.

चंचुपात्र

उद्या पहिल्याच तासाला सांगते. तिसरा रकाना काढायला लावणार आहे, पिंजऱ्यासाठी.